उणे पाऊस

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी होतं, पण ते दुपारच्या डब्यानंतरच्या तासाला, म्हणजे अर्धी झोप आणि अर्धं व्याकरण. 'एकोणसाठ' की 'एकोणसत्तर' असा प्रश्न आला की अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत जाऊन परत यावं लागतं. त्यामुळे मराठी विभागात माझं नाव बघून हॉस्टेलमधल्या मुली हसणार, हे मी गृहीत धरलंय. हसा बिनधास्त! पण गेलं वर्षभर मेसच्या रांगेत जो तो विचारतो, "काय गं, तुझा तो उणे पाऊस थांबला का?" आणि ताटात आमटी पडेपर्यंतच्या वेळात ती गोष्ट सांगून होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

एक अडचण आहे. संपादक मंडळाने बजावलंय की या विभागात रोमन अक्षर एकही चालणार नाही. तेव्हा कोड इथे आपण लॅबमध्ये तोंडाने वाचतो तसा येईल, पर्सेंट डी, पर्सेंट एल डी वगैरे. ज्यांचा सी चा पेपर अजून राहिलाय त्यांनी पान उलटू नये. उलट त्यांच्यासाठीच आहे हे.

आंबोली तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीय. म्हणजे धबधबा पाहिलाय, भजी खाल्लीय आणि धुक्यात एकमेकांचे फोटो काढलेत, ज्यात कोणीच दिसत नाही. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर घाट चढून गेलं की साधारण ७०० मीटर उंचीवर हे गाव. समुद्रावरून आलेले ढग इथे सह्याद्रीला अडतात आणि मग जे काही कोसळतं त्याला पाऊस हा शब्द थोडा सौम्यच आहे. वर्षाची सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर. मिलिमीटर म्हटल्यावर आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून असं समजा की एका पावसाळ्यात पडलेलं पाणी वाहून न जाता साठलं तर ते आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या खाटांखाली येईल. ज्या आंबोलीच्या बेडकाची २००९ साली जगाला नवीन जात म्हणून ओळख झाली, तो बेडूक तिथे का सुखात आहे हे यावरून कळावं.

माझी आत्या तिथे राहते. तिच्या परसात आपल्या विभागाचं पर्जन्यमापक यंत्र बसवलेलं आहे. हा प्रोजेक्ट मूळचा आमच्या वरच्या बॅचचा. ते पास होऊन गेले आणि 'आत्या तुझीच ना' या एका पात्रतेवर तो माझ्या गळ्यात पडला.

यंत्र तसं साधं. वर नरसाळं, त्याखाली सी-सॉ सारखी दोन टोकांना दोन छोटी भांडी. एक भांडं भरलं की ते वजनाने खाली कलंडतं, पाणी सांडतं आणि दुसरं भांडं नरसाळ्याखाली येतं. प्रत्येक कलंडण्याला आम्ही 'टिप' म्हणतो. एक टिप म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. सी-सॉला एक लोहचुंबक चिकटवलेला असतो, तो स्विचसमोरून गेला की एक पल्स मिळतो आणि अर्डुइनो उनो हा बोर्ड तो पल्स मोजतो. १ जूनला मोजणी शून्य करायची आणि मग रोज सकाळी साडेआठला (हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठलाच बदलतो) यंत्र एक एसएमएस पाठवणार. त्यात तीन आकडे. दिवस कितवा, बॅटरी किती, आणि त्या दिवसापर्यंतच्या एकूण टिप. पाऊस शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

यंत्रावर नजर ठेवायला आत्याकडे एक साधं हाताने मोजायचं पर्जन्यमापक आणि एक वही दिलेली आहे. ती रोज सकाळी छत्री घेऊन परसात जाते, मोजते आणि लिहिते. ताप आला तरी जाते. दोन पावसाळ्यांत एकही दिवस रिकामा नाही. आपल्यापैकी कोणाच्या जर्नलबद्दल असं म्हणता येईल?

तर गेल्या पावसाळ्यात सप्टेंबरमधल्या एका सोमवारी एसएमएस आला की एकूण टिप उणे ३२,५२१.

विभागात एकच हशा. आदल्या दिवशीचा आकडा होता अधिक ३२,७०२, म्हणजे ६,५४०.४ मिलिमीटर. एका रात्रीत सगळा पाऊस गेला आणि वर आणखी तेवढाच गेला! मी आत्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "पाऊस काय परत आभाळात गेलो काय गो?" तिच्या वहीत त्या दिवशी ६४ मिलिमीटर होते. म्हणजे भरपूर पडला होता.

हसून झाल्यावर जे झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. एसएमएस वाचून तक्ता भरणारा जो प्रोग्राम आहे, त्यात एक ओळ होती की आकडा शून्याच्या खाली असेल तर 'सेन्सर खराब' समजून तो टाकून द्या. दिसायला किती शहाणपणाची ओळ! त्यामुळे सोमवारपासून तक्त्यात आंबोलीपुढे रिकामी घरं पडायला लागली. कॉरिडॉरमधल्या आलेखावर इतर केंद्रांच्या रेषा वर जात होत्या आणि आंबोलीची रेषा ६,५४०.४ वर येऊन आडवी झाली. बुधवारी ठरलं की यंत्राला तिथली हवा मानवत नाही, आत पाणी गेलं असणार, शेवाळं धरलं असणार, मुंग्या शिरल्या असणार. शनिवारच्या रिव्ह्यूमध्ये केंद्र बंद करायचा निर्णय घ्यायचा आणि यंत्र काढून कॅम्पसवर बसवायचं.

आत्याला हे सांगणं माझ्याकडे आलं. ती एकच वाक्य बोलली, "मगे माझी वही खोटी काय गो?"

त्या रात्री मी आत्याने फोनवरून सांगितलेले आकडे आणि आलेले एसएमएस शेजारी शेजारी लिहिले. आणि एक गोष्ट दिसली जी तक्त्यात दिसणं शक्यच नव्हतं, कारण तक्ता ती फेकून देत होता. सोमवार उणे ३२,५२१. मंगळवार उणे ३२,२९०. म्हणजे उणे आकडा रोज लहान होत होता, शून्याकडे सरकत होता. मंगळवार आणि सोमवारातला फरक २३१ टिप, त्याचे होतात ४६.२ मिलिमीटर. वहीत मंगळवारी ४७. यंत्र बिघडलेलं नव्हतंच. ते पूर्वीइतक्याच इमानाने मोजत होतं, फक्त सांगताना काहीतरी भलतंच सांगत होतं. (माझ्या मराठीचंही तसंच आहे, पण असो.)

आणि दुसरी गोष्ट, जी खरं तर पहिल्या दिवशीच कोणाच्याही डोक्यात यायला हवी. सी-सॉ डावीकडे कलंडो की उजवीकडे, टिप वाढतेच. भांड्याला उलटं मोजता येत नाही. मुंग्या शिरल्या तर आकडा थांबेल, शेवाळं धरलं तर कमी वाढेल, पण उणे? उणे हा शब्द पाण्याला माहीत नाही. तो कॉम्प्युटरलाच माहीत आहे.

आता थोडा सी चा तास. आपण पहिल्या वर्षी शिकतो की इंट म्हणजे पूर्णांक. पण इंट किती मोठा, हे सी भाषा ठरवून देत नाही. ती फक्त म्हणते, निदान १६ बिट्स तरी असावा, पुढे ज्याचं त्याने बघावं. पूर्वी धान्य मोजायची पायली असायची ना, नाव सगळीकडे पायली पण माप गावागावात वेगळं, तसंच हे. मी त्याच रात्री होस्टेलभर फिरून साइझऑफ छापून घेतला. उनोवर इंट २ बाइटचा, लाँग ४ चा. माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर इंट ४ चा, लाँग ८ चा. रूममेटच्या विंडोजवाल्या लॅपटॉपवर दोन्ही ४ चेच, आणि तिचा प्रोसेसर माझ्यासारखाच ६४ बिटचा! म्हणजे नुसता प्रोसेसर बघूनही भागत नाही, त्यावर कोण बसलंय तेही बघावं लागतं. लॅबमधल्या रास्पबेरी पायवर ३२ बिटची सिस्टिम आहे, तिथेही ४ आणि ४. चार मशीन, शब्द तेच, मापं तीन प्रकारची.

(उनोचा २ बाइटचा इंट बघून त्याला मागासलेला म्हणू नका. डेनिस रिचीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती पीडीपी-११ वर, आणि तिथे इंट १६ बिटचाच होता. म्हणजे मूळ घराण्यातला उनो, आणि आपले लॅपटॉप नंतर सुधारलेले.)

दोन बाइटमध्ये चिन्हासकट जास्तीत जास्त आकडा बसतो ३२,७६७. त्यात एक मिळवला की तो होतो उणे ३२,७६८. आता गुणाकार करून बघा. ३२,७६७ टिप म्हणजे ६,५५३.४ मिलिमीटर. सोलापूरकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन हजार टिप. तिथे हा प्रोग्राम प्रत्येक जूनला शून्य होत जन्मभर बिनचूक चालला असता. आपल्या कॅम्पसवरही चालला असता. यंत्र तिकडे हलवलं असतं, ते नीट चाललं असतं, आणि सगळे म्हणाले असते, बघा, आम्ही सांगत नव्हतो, आंबोलीची हवाच वाईट! जिथे पाऊस सगळ्यात जास्त तिथलीच नोंद चुकणार, आणि चुकली की तीच सगळ्यात आधी पुसली जाणार. मला खरी भीती त्याची वाटली. ६,५५३ च्या वरचे दिवस रेकॉर्डमध्ये राहिलेच नसते. दहा वर्षांनी कोणी तक्ता उघडून म्हणालं असतं की आंबोलीत साडेसहा हजारांच्या वर पाऊस कधी झालाच नाही.

आधीच्या वर्षी हे का घडलं नाही? कारण तेव्हा यंत्रच जुलैच्या मध्याला बसलं होतं. निम्मा पावसाळा निघून गेलेला, आकडा तिथवर पोचलाच नाही.

पण गंमत पुढे आहे. गुरुवारी मी कोड उघडला आणि बघते तर एकूण टिप ज्या व्हेरिएबलमध्ये आहेत तो इंट नव्हताच. तो व्यवस्थित लाँग होता! म्हणजे वरच्या बॅचला आंबोलीचा पाऊस ठाऊक होता आणि त्यांनी जागा मोठी ठेवली होती. शिवाय फाइलमध्ये टेस्ट रिपोर्टही होता, त्यात ५०,००० टिपपर्यंत आकडे घालून पाहिल्याचं आणि सगळे बरोबर छापले गेल्याचं लिहिलं होतं. मीही माझ्या लॅपटॉपवर ५०,००० घालून पाहिले. छापले ५०,०००. दोन तास मी त्या ओळीकडे नुसती बघत बसले.

मग तीच ओळ लॅबमधल्या दुसऱ्या उनोवर चढवली. उणे १५,५३६!

दोष साठवण्यात नव्हता, छापण्यात होता. एसप्रिंटएफच्या फॉर्मॅटमध्ये पर्सेंट डी लिहिलं होतं आणि पुढे दिला होता लाँग. लाँगला हवं पर्सेंट एल डी. तुम्ही म्हणाल, एका 'एल'ने एवढं काय होतं? प्रिंटएफ आणि त्याची भावंडं आंधळी असतात. त्यांना तुम्ही काय दिलंय ते दिसत नाही. ती फक्त फॉर्मॅट वाचतात आणि त्यात जसं लिहिलंय तेवढे बाइट उचलतात. उनोवर हे सगळे आकडे स्टॅकवर एकामागून एक ठेवलेले असतात. लाँगचे चार बाइट ठेवले, लहान किमतीचे दोन आधी आणि मोठ्या किमतीचे दोन नंतर. पर्सेंट डी म्हणजे उनोच्या मापाने दोनच बाइट. तेवढेच उचलले, बाकीचे दोन तिथेच पडून. माझ्या लॅपटॉपवर मात्र प्रत्येक आकड्याला स्वतःचं पूर्ण ६४ बिटचं रजिस्टर मिळतं, त्यातला खालचा अर्धा भाग, म्हणजे ४ बाइट, पर्सेंट डी उचलतं, आणि ५०,००० त्यात आरामात बसतो. म्हणजे लॅपटॉपवरही फॉर्मॅट चुकीचाच होता, पण चूक दिसायला तिथे दोनशे कोटींच्या वर टिप लागल्या असत्या. टेस्ट रिपोर्ट खोटा नव्हता. तो दुसऱ्या मशीनचा होता.

याची खात्री करायला मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करून बघा, फार मजा येते. एसएमएसमधला क्रम बदलला, पाऊस आधी आणि बॅटरी नंतर. टिप १०० ठेवल्या, म्हणजे उणे होण्याचा प्रश्नच नाही. उनोने पाऊस १०० बरोबर सांगितला आणि बॅटरी सांगितली शून्य! कारण लाँगचे जे दोन बाइट उचलायचे राहिले होते ते पुढच्या पर्सेंट डीने उचलले, आणि ते होते शून्य. वरच्या बॅचने पाऊस सुरुवातीला लिहिला असता तर हा घोळ पहिल्याच दिवशी बाहेर आला असता. पाऊस शेवटी होता, त्याच्यामागे कोणी नव्हतं, म्हणून सरकलेलं काही दिसलंच नाही.

तुम्ही विचाराल, कम्पायलर गप्प का बसला? जीसीसीला डॅश डब्ल्यू ऑल सांगितलं तर तो लगेच बोलतो, की फॉर्मॅटला इंट हवाय आणि तुम्ही लाँग देताय. पण अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्निंगा मुळात बंद असतात, आपण सेटिंगमध्ये जाऊन उघडल्या तरच दिसतात. कोणी उघडल्या नव्हत्या. तसं आपण वाचतो तरी कुठे वॉर्निंगा? लाल अक्षरं नाहीत ना, मग रन कर!

शुक्रवारी सकाळच्या एसटीने मी आंबोलीला गेले. (लेक्चर बुडवून. सरांची परवानगी होती, अटेंडन्सवाल्यांनी नोंद घ्यावी.) घाटात धुकं इतकं की ड्रायव्हरने दिवसाढवळ्या दिवे लावलेले. आत्याकडे पोचले तर वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अर्धी. यंत्र रोज सकाळी एकूण आकडा आपल्या ईईप्रॉममध्येही लिहितं, म्हणजे बोर्ड बंद पडला तरी मोजणी जाऊ नये. एवढं एक काम वरच्या बॅचने फारच चांगलं करून ठेवलं होतं. तिथले चार बाइट मी एकेक करून वाचले, १९८, १३२, ०, ०. कागदावर मांडलं. १३२ गुणिले २५६ अधिक १९८, बरोबर ३३,९९०. त्याला ०.२ ने गुणलं की ६,७९८ मिलिमीटर. त्याच दिवशीच्या एसएमएसमध्ये होतं उणे ३१,५४६. दोघांमधला फरक ६५,५३६, म्हणजे दोनाचा सोळावा घात. एका पैशाचाही फरक नाही.

आत्या चहा घेऊन उभी होती. तिला ईईप्रॉम वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता, मी सांगितलं की आत आकडा बरोबर आहे, तुझ्या वहीशी जुळतो. यंत्र आणि वहीत रोज एक-दोन मिलिमीटरचा फरक येतो तोही नेहमी एकाच बाजूने, यंत्र कमी दाखवतं. कारण जोराच्या पावसात भांडं कलंडत असतानाच्या क्षणात पडलेलं पाणी मोजलं जात नाही. म्हणजे जोरदार पावसाच्या दिवशी वहीच थोडी जास्त खरी. हे ऐकून तिने वही उचलून देवघराशेजारच्या फळीवर ठेवली, काही बोलली नाही.

दुरुस्ती म्हणाल तर एका अक्षराची. पण नुसता 'एल' घालण्यातही एक खोच आहे. ज्यांना चार बाइटचाच आकडा सगळीकडे हवा असतो ते इंट३२_टी असा प्रकार वापरतात. हा उनोवर लाँग असतो आणि लॅपटॉपवर इंट. मग पर्सेंट एल डी उनोवर बरोबर आणि लॅपटॉपवर चूक, पर्सेंट डी लॅपटॉपवर बरोबर आणि उनोवर चूक! यासाठी सी च्या १९९९ च्या आवृत्तीने पीआरआयडी३२ नावाचा मॅक्रो दिला, तो फॉर्मॅटच्या मध्ये घातला की ज्या त्या मशीनवर जे योग्य ते अक्षर तिथे येतं. दिसायला ओळ भयानक दिसते. वरच्या बॅचच्या कोडमध्ये एके ठिकाणी शेरा होता, "पर्सेंट एफ चालत नाही, म्हणून मिलिमीटर न पाठवता टिप पाठवतोय". तेही याच जातीचं. उनोमध्ये प्रोग्रामला जागा अवघी ३२ केबी, म्हणून त्याच्या प्रिंटएफमधून दशांश छापायचा भाग मुळातच वगळलेला असतो आणि पर्सेंट एफच्या जागी तो नुसतं प्रश्नचिन्ह छापतो. लिंक करताना वेगळं सांगितलं तर तो भाग मिळतो, पण जागा खातो.

शनिवारचा रिव्ह्यू झाला. मी सोमवार ते शुक्रवारच्या प्रत्येक उणे आकड्यात ६५,५३६ मिळवून दाखवले आणि शेजारी वहीचे आकडे. पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग सरांनी तक्ता भरणाऱ्या प्रोग्राममधली ती 'शून्याखाली टाकून द्या' ओळ स्वतः काढली आणि तिच्याजागी 'शून्याखाली आल्यास माणसाला दाखवा' असं करायला सांगितलं. केंद्र राहिलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कॉरिडॉरमध्ये बोर्ड लावायचा होता ना! रास्पबेरी पायला जोडलेला एलईडी बोर्ड, त्यावर गावाचं नाव मराठीत आणि पुढे पाऊस. प्रोग्राम लॅपटॉपवर सुरेख चालला, 'आंबोली' अगदी ठळक. पायवर नेला तर नावाच्या जागी अठरा चौकोन.

अठराच का? तर 'आंबोली' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटर आ, अनुस्वार, ब, ओकाराची मात्रा, ल आणि वेलांटी असे सहा तुकडे धरतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट. सहा त्रिक अठरा. 'सावंतवाडी'ला सत्तावीस लागतात. (म्हणूनच फॉर्मॅटमध्ये पर्सेंट १० एस लिहून मराठी नावं एका रांगेत येत नाहीत. प्रिंटएफ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. हा जाच निदान सगळ्या मशीनवर सारखाच आहे.)

मी दोन्हीकडे 'आ'चे तीन बाइट पर्सेंट एक्सने छापून पाहिले. पायवर आले ई०, ए४, ८६, शहाण्यासारखे. लॅपटॉपवर प्रत्येकाच्या आधी सहा सहा एफ, एफएफएफएफएफएफई० असं काहीतरी. तेव्हा उलगडा झाला. सी मध्ये कॅरेक्टरला चिन्ह असतं की नसतं, हेही भाषेने ठरवलेलं नाही! इंटेलवर असतं, म्हणून ई० म्हणजे २२४ हा बाइट तिथे उणे ३२ समजला जातो, आणि छापण्याआधी मोठा करताना पुढे एफ भरले जातात. एआरएमवर लिनक्सने तो विनाचिन्हाचा धरलाय, म्हणून २२४ तो २२४. यालाही जुनं कारण आहे. पीडीपी-११ मध्ये बाइट रजिस्टरमध्ये घेतला की चिन्ह आपोआप पसरायचं. सुरुवातीच्या एआरएममध्ये बाइट उचलायची जी सूचना होती ती वरच्या जागा शून्याने भरायची, तिथे चिन्ह सांभाळायला जास्तीचं काम पडलं असतं.

आमच्या बोर्डच्या प्रोग्राममध्ये कुठून तरी घेतलेला एक तुकडा होता, "बाइट शून्याखाली असेल तर तो मराठी समजा". लॅपटॉपवर मराठीचा प्रत्येक बाइट उणे, सगळं छान. पायवर बाइट कधीच उणे नसतो, मग तिथे मराठी नाहीच! प्रत्येक बाइटला त्याने एक वेगळं इंग्रजी अक्षर समजून चौकोन काढला. बाइटचा प्रकार स्पष्ट शब्दांत अनसाइन्ड कॅरेक्टर लिहिला आणि तपासणी 'शून्याखाली'ऐवजी '१२८ किंवा वर' अशी केली, की दोन्हीकडे आंबोली उमटली. डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा लावलं असतं तर पायवरचा कम्पायलर आपणहून म्हणाला असता की ही अट कधीच खरी होणार नाही. आता आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे, एकही वॉर्निंग शिल्लक असेल तर कोड पुढच्याकडे द्यायचा नाही. ज्युनिअर्स शिव्या देतात, देऊ देत.

बोर्ड आता लायब्ररीच्या जिन्याजवळ आहे. आंबोलीपुढचा आकडा खरा आहे, जाता येता बघत जा.

आत्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, की आता हे पुन्हा कधी बिघडेल? मी हिशोब केला. चार बाइटमध्ये २,१४,७४,८३,६४७ टिप मावतात, म्हणजे सुमारे ४२९ किलोमीटर उंचीचा पाऊस. जूनमध्ये शून्य केलंच नाही आणि आंबोलीचा पाऊस असाच पडत राहिला तर साठ हजार वर्षं लागतील. ती म्हणाली, "तवसर वही मी लिवतंय."